मानेवरचा काळा पट्टा मळ नव्हता: मुलांचं वजन, शहर आणि आपण

वाकडची_चिमणी

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

लेक नऊ वर्षांचा. गेल्या दिवाळीत अभ्यंगस्नानाला मानेच्या मागे काळपट पट्टा दिसला. मला वाटलं मळ. उटणं लावून घासलं, मग साय-बेसन, मग लिंबू, शेवटी पोरगं रडायला लागलं आई दुखतंय म्हणून, मान लाल झाली पण पट्टा जागच्या जागी. हात लावला तर मखमलीसारखं लागत होतं, काखेतही तसंच. सासूबाई म्हणाल्या उन्हाने झालं असेल. ऊन कुठलं हो, मुलगा उन्हात जातो कधी!

महिन्याभराने तापासाठी डॉक्टरकडे नेला तर त्यांनी ताप बाजूलाच ठेवला आणि आधी मान बघितली. उंची १३४, वजन ४२. टेपने पोट मोजलं, ७४. म्हणाले पोटाचा घेर उंचीच्या निम्म्याच्या आत हवा, म्हणजे ६७. त्यांच्याकडे बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा २०१५ चा तक्ता आहे, आपल्याकडच्या मुलांसाठी केलेला, त्यात मोठ्यांच्या २३ आणि २७ बीएमआयशी (उंचीच्या मानाने वजन) जुळणाऱ्या दोन रेघा असतात, हा पठ्ठ्या २७ च्या रेघेच्याही वर. रक्त तपासलं तर तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ५.८ टक्के, यकृताचं एन्झाइम वाढलेलं, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर. नऊ वर्षांच्या मुलाचं! माझ्या नवऱ्याला त्रेचाळिसाव्या वर्षी हेच निघालं तेव्हा आम्ही त्याला हसलो होतो.

आता मी त्याला काय खायला घालते ते प्रामाणिकपणे लिहिते. बस सहा चाळीसला. एवढ्या सकाळी पोळी-भाजी जात नाही म्हणून चॉकलेट पावडर घातलेलं दूध आणि दोन बिस्किटं. डब्याची सुट्टी पंधरा मिनिटं, त्यात हात धुण्याची रांग. पोळी-भाजी दिली तर डबा अर्धा परत येतो, आणि परत आलेला डबा उघडताना आईच्या जिवाला काय होतं ते आईलाच माहीत. म्हणून मग जॅम-पोळीचा रोल, नूडल्स, फ्रँकी, जे संपतं ते. तीन-सव्वातीनला घरी, तेव्हा मी ऑफिसात, सासूबाई गरम काहीतरी तळून देतात. मग अबॅकस, मग ट्यूशन, तिथून येताना 'आई भूक लागली', गाडीत चिप्स आणि फळाचं चित्र असलेला ज्यूसचा डबा. रात्री साडेआठ-नऊला जेवण, फोन समोर ठेवून.

खाली खेळायला? सोसायटीत चार विंग, पार्किंग तीन मजली, क्लब हाऊस, स्विमिंग पूल. लॉनवर पाटी: 'बॉल खेळण्यास सक्त मनाई'.

मला सांगा, यात नऊ वर्षांच्या मुलाचा गुन्हा कोणता? नातेवाईक मात्र त्यालाच म्हणतात, कमी खा रे ढब्ब्या.

---

तिखट_मिसळ

अहो ताई, सरळ आहे, घरात आणू नका म्हणजे खाणार नाही. आम्ही लहानपणी काय चिप्स खायचो? पळत शाळेत जायचो आणि पळत यायचो. आजकालच्या आयांना पोरांना 'नाही' म्हणता येत नाही एवढाच प्रॉब्लेम आहे.

---

सुलुमावशी_६८

मिसळराव, 'आजकालच्या आयांना' म्हणताना बाबा कुठे फिरायला गेले होते तेही लिहायचं की.

चिमणी, तुझ्या सासूबाईंच्या बाजूने चार शब्द लिहिते, रागावू नकोस. मी माण तालुक्यातली. बहात्तरच्या दुष्काळात मी शाळेत होते. खडी फोडायला आई-वडील दोघं जायचे, आम्हाला सुकडी मिळायची आणि तो लाल मिलो, बाहेरून आलेली ज्वारी, त्याची भाकरी थापताना तुटायची आणि घशाखाली उतरायची नाही. माझा धाकटा भाऊ दोन वर्षांचा होता, त्याच्या बरगड्या मोजता यायच्या. आता माझ्या नातवाच्या ताटात तूप वाढताना माझा हात आखडत नाही, मुद्दाम नाही गं, हाताला ती सवयच उरली नाही. मूल गुबगुबीत असलं की आमच्या डोळ्यांना ते घर खाऊन-पिऊन सुखी दिसतं. 'बाळसं धरलंय' म्हणतो ना आपण, त्यात केवढं समाधान असतं. कुणी बारीक झालं की 'वाळला गं' म्हणतात, जाड झाला तर 'तब्येत सुधारली'. तब्येत सुधारली! आता सांग, सासूबाई भजी तळणार नाहीत तर काय करतील. माया दाखवायची दुसरी रीत आम्हाला कुणी शिकवली नाही.

---

पोरांचा_डॉक्टर

सुलुमावशी, तुमच्या प्रतिसादात या विषयाचा अर्धा गाभा आहे, तुम्हाला कल्पना नसेल. थोडं लांबण लावतो.

पुण्यातच, केईएम हॉस्पिटलमधे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांमधल्या बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. म्हणजे आपली किडकिडीत. पण गंमत अशी की स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, आणि पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. काटकसरीत वाढलेल्या बाळाने बाकी सगळ्यात कपात केली, चरबी तेवढी राखून ठेवली. याला ते 'थिन-फॅट' म्हणतात, दिसायला बारीक आतून चरबीदार. २००४ साली 'लॅन्सेट'मधे त्यांचा आणि जॉन यडकिन या ब्रिटिश डॉक्टरांचा शेजारी-शेजारी फोटो आला होता, दोघांचाही बीएमआय २२.३, तंतोतंत सारखा. अंगातली चरबी? यडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के.

आता हे बाळ मोठं होऊन शहरात आलं, किंवा त्याच्या पोटी पुढची पिढी शहरात जन्मली, आणि समोर बिस्किटं, ज्यूस, लिफ्ट, ट्यूशन. याच टीमने पुण्यातल्या आठ वर्षांच्या मुलांची तपासणी केली तेव्हा इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणं सगळ्यात जास्त कुणात दिसली? जन्मतः कमी वजनाची आणि आठव्या वर्षी वजनदार झालेली. म्हणजे एका पिढीच्या उपासमारीचं बिल पुढच्या पिढीच्या पार्टीत फुटतं. म्हणूनच आपल्याकडची रेघ २५ आणि ३० ची नाही, २३ आणि २७ ची.

आणि चिमणीताई, तो पट्टा. त्याला ॲकँथोसिस म्हणतात. रक्तात इन्सुलिन सतत जास्त राहिलं की मानेची, काखेची कातडी जाड आणि काळी होते. घासून जात नाही, क्रीमने जात नाही, वजन आणि इन्सुलिन खाली आलं की हळूहळू फिकट होतो. माझ्याकडे आठवड्याला चार-पाच आया 'मळ निघत नाही' म्हणून येतात. तुम्ही एकट्या नाही. आणि ५.८ म्हणजे मधुमेह नाही, उंबरठा आहे. तिथून मुलं परत फिरतात, मी फिरलेली बघितली आहेत.

---

वाकडची_चिमणी

डॉक्टर, खूप धन्यवाद. एक विचारू, माझा मुलगा जन्मला तेव्हा २.४ किलो होता. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला भरवून भरवून वर्षभरात असा गोळा केला होता की शेजारी फोटो काढून न्यायचे. ती चूक होती का?

---

पोरांचा_डॉक्टर

चूक म्हणू नका, तेव्हा सगळ्यांनी तेच सांगितलं असणार, कदाचित माझ्यासारख्याच एखाद्याने. कमी वजनाच्या बाळाला वाढवायला तर हवंच. उंचीबरोबर वजन वाढलं तर ठीक, नुसतंच वजन धावलं तर पुढे जपायचं. आता जपतोय ना आपण, बास.

---

महापालिकेची_बाई

मी मुंबईत महापालिकेच्या शाळेत शिकवते, पूर्व उपनगरात. इथे सगळी चर्चा पूल आणि क्लब हाऊसवाल्यांची चाललीये म्हणून लिहितेय. लठ्ठपणा हा श्रीमंतांचा आजार आहे हे डोक्यातून काढा.

माझ्या वर्गात पहिल्या बाकावरची मुलगी वयाच्या मानाने इतकी बुटकी की फळ्याच्या खालच्या ओळीला तिचा हात पुरतो, आणि तिसऱ्या बाकावर तिचाच चुलतभाऊ, त्याच दहा बाय बाराच्या खोलीत राहणारा, युनिफॉर्मचं बटण लागत नाही असा. आई धुण्याभांड्याला पहाटे बाहेर पडते, हातात दहा रुपये देऊन. दहा रुपयांत काय येतं? सफरचंद येत नाही, एक केळं आणि थोडे सुटे येतात. पाच-पाचची दोन पाकिटं येतात, कुरकुरीत, लाल तिखट, चमकणारी, शिवाय आत स्टिकर. तुम्ही ते मूल असता तर काय घेतलं असतं?

घरात स्वयंपाक करायला जागा आणि वेळ दोन्ही नाही, संध्याकाळी वडापाव किंवा चायनीज भेळ. तेलाचा ब्रँड विचारू नका. खेळायला गल्लीत रिक्षा लागलेल्या. मुंबईच्या विकास आराखड्याच्या वेळी माणशी मोकळी जागा १.२४ चौरस मीटर असा आकडा चर्चेत होता. आमच्या वर्गातला बाक त्यापेक्षा फार लहान नाही.

सरकारी आकडेही हेच सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची जादा वजनाची मुलं २०१५-१६ ला २.१ टक्के होती, २०१९-२१ ला ३.४. आकडा लहान वाटेल, पण त्याच पाहणीत ३५.५ टक्के मुलांची उंची खुंटलेली आहे. दोन्ही एकाच देशात, एकाच गल्लीत, कधी एकाच मुलात. हो, एकाच मुलात, उंची खुंटलेली आणि पोट सुटलेलं, वर हिमोग्लोबिन नऊ. पोटभर खातं, पण अंगी लागत नाही म्हणतात ना, ते हे.

---

तिखट_मिसळ

बाई, हे मला खरंच माहीत नव्हतं. पण शाळेबाहेर ती पाकिटं विकायला बंदी आहे ना?

---

महापालिकेची_बाई

आहे की. राज्य सरकारने २०१७ मधे शाळेच्या कॅन्टीनमधल्या जंक फूडवर बंदी आणली. २०२० चे केंद्राच्या अन्न प्राधिकरणाचे नियम आहेत, शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आत असलं काही विकायचं नाही. आमच्या फाटकापासून टपरी अकरा पावलांवर आहे. टपरीवालीचीच मुलगी आमच्या पाचवीत आहे. तिला मी काय सांगू, दुकान चाळीसेक मीटर मागे घे? मागे नाला आहे.

---

मेक्सिकोत_मराठी

मी सहा वर्षं मेक्सिको सिटीत आहे, आयटीवालाच, दुसरं काय. इथलं चित्र बघितलं की आपण पुढच्या स्टेशनवरून मागे येणारी गाडी बघतोय असं वाटतं. इथे कित्येक भागात नळाच्या पाण्यावर भरवसा नाही त्यामुळे पाणी विकत, आणि विकतच घ्यायचं तर कोला घेतात, बाळाच्या दुधाच्या बाटलीतून कोला पाजताना मी स्वतः बघितलंय.

या लोकांनी १ जानेवारी २०१४ पासून साखरेच्या पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला. पहिल्या वर्षात खरेदी साधारण सहा टक्क्यांनी उतरली आणि गरीब घरांत जास्त उतरली. मग २०२० ला पाकिटावर समोर काळे अष्टकोन आले, 'साखर जास्त', 'कॅलरी जास्त', आणि असा शिक्का असलेल्या कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यावरचं वाघाचं की अस्वलाचं चित्र गेलं. माझी मुलगी वाचायला शिकायच्या आधी ते काळे शिक्के मोजायला शिकली. 'बाबा याला तीन आहेत, नको.' मार्च २०२५ च्या शेवटापासून शाळांत जंक विकणंच बंद. फाटकाबाहेरची गाडी? ती इथेही आहे, बाई. तेवढं तुमचं-आमचं सेम.

---

हिशेबनीस

भारतात उलटी गंगा आहे. सप्टेंबर २०२५ पासून कोल्ड्रिंकवर जीएसटी ४० टक्के, म्हणजे आधीचे २८ आणि वर १२ सेस, बेरीज तीच. पण त्याच फटक्यात बिस्किटं, चॉकलेट १८ वरून ५ वर, नमकीन, नूडल्स आणि फेस नसलेले फळांच्या रसाचे डबे १२ वरून ५ वर. सणासुदीला लोक खूष. चिमणीताईंच्या गाडीतला तो ज्यूसचा डबा स्वस्त झाला बरं का.

आणि पाकिटाच्या दर्शनी बाजूला काय छापायचं, यावर आपल्याकडे २०२२ मधे मसुदा निघाला होता, त्यात तारे देणार होते. तारे! पोराला तारा म्हणजे शाबासकी वाटणार.

---

वाकडची_चिमणी

काल तो डबा हातात घेऊन पहिल्यांदा मागची बारीक अक्षरं वाचली, चष्मा लावून. २०० मिलीत २४ ग्रॅम साखर. चमचा ४ ग्रॅमचा धरला तर सहा चमचे. मी चहात एक चमचा घेते आणि स्वतःला गोडखाऊ समजते. रोज एक डबा, शाळेचे दोनशेवीस दिवस धरले तर नुसत्या ज्यूसची पाच किलोच्या वर साखर. पाच किलोची पिशवी आम्ही दिवाळीला आणतो.

---

कायम_गोलकीपर

या धाग्यावर लिहू की नको असा दोन दिवस विचार करतोय.

मी जाडा मुलगा होतो. आता पस्तिशीत आहे, ठाण्यात वाढलो. मैदानावर कायम गोलकीपर, कारण 'हा उभा राहिला की गोल झाकतो'. पीटीच्या सरांनी सगळ्यांसमोर वजनकाट्यावर उभं करून आकडा मोठ्याने वाचला होता, तो आकडा मला अजून पाठ आहे, इथे लिहिणार नाही. त्यानंतर मी पीटीच्या दिवशी पोट दुखतंय म्हणून घरी राहायला लागलो आणि घरी काय करायचो, तर खायचो.

बारा वर्षांचा असताना उजवा गुडघा दुखायला लागला. दोन महिने सगळे म्हणाले वजन आहे, दुखणारच, कमी खा. गुडघ्याचा एक्स-रे काढला, स्वच्छ. मी पाय बाहेर फेकत चालायला लागलो तेव्हा एका हाडाच्या डॉक्टरने खुब्याचा एक्स-रे काढला. मांडीच्या हाडाचा गोळा वाढीच्या जागेवरून सरकला होता. दुखत होतं गुडघ्यात आणि बिघाड खुब्यात. त्याच दिवशी दाखल, दोन स्क्रू. जाड्या मुलाचं प्रत्येक दुखणं वजनाच्या खात्यात टाकलं की असं होतं.

चिमणीताई, लेकाला ढब्ब्या म्हणणाऱ्या नातेवाईकांना पहिलं गप्प करा. डाएट नंतर बघू.

---

पोरांचा_डॉक्टर

गोलकीपर, मनापासून आभार. वाचणाऱ्या पालकांनी लक्षात ठेवा, वाढत्या वयाचा जाड मुलगा लंगडत असेल, मांडी किंवा गुडघा दुखत असेल तर खुबा बघितलाच पाहिजे, लगेच, चालवायचंही नाही.

बाकी झटपट सांगतो. रात्री मोठ्याने घोरणं, मधेच श्वास अडकणं, दिवसा पेंगणं हे गोंडस नाही, दाखवा. वर्गात लक्ष नसतं त्याचं कारण कधीकधी इथे सापडतं. बीपी मुलांचंही मोजायचं असतं. आणि लहानपणचं वजन मोठेपणी आपोआप 'झडतं' असं आजी म्हणतात, बहुतेकांचं झडत नाही. २०१६-१८ मधे देशभर झालेल्या पोषण सर्वेक्षणात शाळकरी आणि किशोरवयीन मुलांमधे दहापैकी साधारण एकाची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर सापडली होती. एकूण मुलांत जाड असलेली मात्र त्याच्या निम्मीच होती. म्हणजे उंबरठ्यावरची निदान निम्मी तरी 'काडीपैलवान' म्हणून सुटलेली. याज्ञिकांचा तो फोटो आठवा.

---

दोन_वेण्या

मुलींचंही लिहा कुणीतरी. माझ्या लेकीची पाळी नऊ वर्षं पूर्ण व्हायच्या आत आली, चौथीत. तिला पॅड म्हणजे काय ते समजावताना मलाच रडू फुटलं. डॉक्टरांनी बाकी सगळं तपासलं आणि वजनाचा यात वाटा असू शकतो म्हणाल्या, सगळं त्यानेच असं नाही. आता तेरावीत, सॉरी तेरा वर्षांची आहे, पाळी तीन-तीन महिने येत नाही, हनुवटीवर केस, पीसीओएस, म्हणजे हार्मोन्सचा बिघाड. आणि मुलगी म्हणून खेळायला खाली पाठवायला मीच घाबरत होते, हेही कबूल करते. मुलगे निदान पार्किंगमधे सायकल चालवतात.

---

सुलुमावशी_६८

दोन वेण्यांच्या आई, लेकीला माझ्याकडून मायेने जवळ घ्या.

मी काल नातवाला विचारलं, तुला आजीच्या हातचं काय आवडतं. मला वाटलं भजी म्हणेल. म्हणाला, आजी तू गोष्ट सांगताना शेंगा फोडून देतेस ना ते. मी भुईमुगाच्या शेंगा उकडते, तो सोलत बसतो, सोलायला वेळ लागतो म्हणून खाणंही बेताचंच होतं. चिमणी, सासूबाईंना सांग, तळणं बंद कर म्हणू नकोस, त्यांना वाईट वाटेल. शेंगा आणून दे किलोभर.

---

तिखट_मिसळ

ताई, मी पहिल्या प्रतिसादात जरा जास्तच बोललो. काल माझ्या मुलाच्या पोटाला टेप लावला. उंची १४०, पोट ७३. त्याला मी बारीकच समजत होतो. शर्टाच्या आत कुणी बघत नाही हो.

डॉक्टर, आता करायचं काय नेमकं? डाएट चार्ट वगैरे?

---

पोरांचा_डॉक्टर

चार्ट फ्रीजला लागतो आणि तिथेच राहतो. वाढत्या मुलाला उपाशी ठेवायचं नाही, बहुतेकांचं वजन उतरवायचंही नसतं, तिथेच थांबवायचं, उंची वाढते आणि हिशेब जुळतो. ज्यूस-कोला बंद, पूर्ण घराला बंद, बाबांसकट. दुधातली पावडर हळूहळू कमी. जेवताना फोन नाही. झोप नऊ-दहा तास, कारण झोप कमी झाली की भूक वाढते. आणि रोज तासभर धाप लागेल असा खेळ. क्लास नको, खेळ. यातला शेवटचा मुद्दा मी लिहून देतो आणि आई-बाप विचारतात, कुठे खेळू? त्याला माझ्याकडे औषध नाही.

---

वाकडची_चिमणी

अपडेट देते. ट्यूशन बंद केली, नवरा कुरकुरला, मग त्याचाच जुना रिपोर्ट समोर ठेवला. डब्यात पोळी-भाजीच देते, पण पोळीचे चार तुकडे करून, भाजी आत भरून, एका हातात धरून खाता येईल असे. पंधरा मिनिटांत तीन संपतात, चौथा परत येतो. येऊ दे.

मानेवरचा पट्टा तसाच आहे. मी आता घासत नाही.

सोसायटीच्या सेक्रेटरींना पत्र दिलं, सोबत सतरा आयांच्या आणि चार बाबांच्या सह्या. रविवारी मीटिंग झाली. एक काका म्हणाले लॉनला वर्षाला एवढा खर्च येतो, पोरं वाट लावतील. तेव्हा माझ्या सासूबाई उठल्या, ज्या कधी मीटिंगला येत नाहीत, आणि म्हणाल्या, गवत परत उगवतं हो. शेवटी साडेपाच ते सात ठरलं, मागच्या बाजूला, टेनिसचा बॉल, आणि तळमजल्याच्या काचा फुटल्या तर वर्गणी काढून भरायच्या.

पहिली काच मंगळवारी फुटली. आमच्याच पोराने फोडली. ३५० रुपये.

---

कायम_गोलकीपर

गोलकीपर होता की बॅटिंगला?

---

वाकडची_चिमणी

बॅटिंगला! वन डाउन.